बाळाची पहिली दोन वर्षे आणि घरची भाषा



बाईंच्या स्मरणार्थ होणाऱ्या या व्याख्यानासाठी संस्थेने मला बोलाविले, याबद्दल मी प्रथम कृतज्ञता व्यक्त करतो. ज्या शाळेच्या बालवर्गात १९५४ साली मी रडत रडत पाऊल टाकले, त्याच शाळेच्या सभागृहात पंचाहत्तरी ओलांडल्यावर बोलायला उभे राहावे, हा माझ्या दृष्टीने मोठा योग आहे.

विषय जाहीर झाल्यावर काही मित्रांनी विचारले, ‘‘प्राध्यापक, तुम्ही संतसाहित्याचे अभ्यासक. ही बाळाची दोन वर्षे कोठून काढलीत?’’ प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर म्हणजेच आजचे माझे व्याख्यान.

आरंभी बाईंविषयी दोन शब्द. त्यांचे नाव या पुस्तिकेच्या मुखपृष्ठावर आहेच, पण आम्हा विद्यार्थ्यांना त्या केवळ ‘बाई’ होत्या. त्यांची एक लकब आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. मुलाशी बोलताना त्या उकिडव्या बसत. त्यांचे डोळे मुलाच्या डोळ्यांच्या पातळीवर येत. मूल बोबडे बोलले तर त्यांनी कधी ‘असे नाही, तसे म्हण’ म्हटले नाही. मी ‘तिमनी’ म्हणालो की त्या म्हणत, ‘‘हो, चिमणीच ती. चिमणी दाणे टिपते आहे.’’ चूक न दाखविता शुद्ध शब्द माझ्या कानावर पुन्हा घालीत. ज्ञानेश्वर महाराजांनीही ग्रंथारंभी आपल्या बोलण्याला बाळाच्या बोबड्या वाणीची उपमा दिली आहे आणि आईबापांना तिचा संतोषच वाटतो, असा श्रोत्यांना विश्वास दिला आहे. ही ओवी मी पुढे पस्तीस वर्षे वर्गात शिकविली. तिचा अर्थ मात्र बाईंना माझ्याआधी कळलेला होता.

आता माझी कबुली. माझ्या पीएच.डी.च्या प्रबंधाचा विषय होता मराठी संतकाव्यातील वात्सल्यभाव. नामदेव-तुकोबांचे बाळक्रीडेचे अभंग, गौळणी, यशोदेचे कौतुक यांची मी वर्षानुवर्षे टिपणे काढली. १९८३ साली आम्हाला मुलगा झाला आणि १९८४ साली प्रबंध विद्यापीठाला सादर झाला. ही दोन्ही बाळे एकाच वेळी वाढत होती. त्यांपैकी कोणाकडे माझे लक्ष होते, हे वेगळे सांगायला नको.

काही वर्षांपूर्वी माळा आवरताना जुन्या ‘कालनिर्णय’ दिनदर्शिकांचा गठ्ठा हाती आला. दुधाच्या हिशेबाच्या आकड्यांशेजारी पत्नीच्या बारीक अक्षरातील नोंदी होत्या. ‘पालथा पडला.’ ‘खालचा दात.’ ‘भिंत धरून उभा.’ आणि १९८४ सालच्या एका चौकटीत, अर्धा लिटर जादा दुधाच्या नोंदीखाली, एकच शब्द : ‘चालला.’ मी तिला विचारले, ‘‘तेव्हा मी कुठे होतो?’’ ती म्हणाली, ‘‘अहो, तुम्ही त्या आठवड्यात मुंबईला होता. जुन्या पोथ्या बघायला.’’ तिच्या स्वरात तक्रार नव्हती. तक्रार असती तर बरे वाटले असते.

पुढे त्या मुलाला आम्ही इंग्रजी माध्यमात घातले. मी, मराठीचा प्राध्यापक, घातले. आज तो उत्तम अभियंता आहे, घरी मराठी बोलतो. पण मराठी वर्तमानपत्राचा एक परिच्छेद वाचायला त्याला बराच वेळ लागतो. माझा प्रबंध ग्रंथरूपाने त्याच्या कपाटात आहे. तो त्याने वाचलेला नाही, आणि त्याबद्दल त्याला बोल लावण्याचा अधिकार मला नाही.

२०२२ साली श्रावणात आमच्या घरी नातू जन्मला. सूनबाई नडियादच्या, गुजराती. बाळंतपणाला तिची आई आमच्याकडेच राहायला आली. म्हणजे घरात एक आजी, एक नानी, एक निवृत्त आजोबा आणि एक बाळ. या वेळी मला मुंबईला जायचे नव्हते.

श्रोतेहो, बाळाच्या वाढीसाठी मराठीत किती नेमके शब्द आहेत, हे मी सत्तरीनंतर शिकलो. बाळ मूठ आवळते, टक लावते, हुंकार देते, मान धरते, कुशीवर वळते, पालथे पडते, पोटावर सरकते, रांगते, धरून उभे राहते, आणि मग दुडूदुडू चालते. प्रत्येक टप्प्याला स्वतंत्र क्रियापद आहे. कारण प्रत्येक टप्प्यावर त्याच्याकडे पाहणारे कोणीतरी होते. बाळसे, जावळ, टाळू, कुंची, दुपटे, उष्टावण, बोरन्हाण हे शब्द पंडितांनी घडविलेले नाहीत. ते ओल्या केसांच्या, अर्धवट झोप झालेल्या बायकांनी घडविले आहेत.

घरात मतभेद झाले नाहीत असे नाही. पत्नीने सहाण आणि बाळगुटीची मुळे काढली. डॉक्टरांनी सहा महिने केवळ आईचे दूध सांगितले होते, आणि वर्षाच्या आत मध मुळीच नको, असे बजावले होते. सूनबाई डॉक्टरांच्या बाजूची. दोन दिवस स्वयंपाकघरात शांतता नांदली. मग पत्नीच म्हणाली, ‘‘आपल्याकडे उष्टावण सहाव्या महिन्यातच करतात. म्हणजे तोपर्यंत दूधच, हे आपल्या लोकांनाही ठाऊक होतं.’’ सहाण माळ्यावर गेली. तेलाचे मालीश मात्र दोन्ही आज्यांच्या एकमताने चालू राहिले. परंपरा आणि नवे ज्ञान यांचा समन्वय या विषयावर मी अनेक परिसंवाद ऐकले. त्यांत इतक्या लवकर निर्णय झालेला मला आठवत नाही.

आता मूळ मुद्द्याकडे वळतो. बाळ सुमारे तेरा महिन्यांचे असताना एका दुपारी ते माझ्याजवळ बसले होते. एकाएकी ते म्हणाले, ‘‘भू.’’ मला अतिशय आनंद झाला. मी त्याला कडेवर घेतले, खिडकीशी नेले आणि गल्लीतला कुत्रा दाखवू लागलो. ‘‘तो बघ भूभू!’’ बाळ रडू लागले. मी दुसरा कुत्रा शोधला. ते अधिकच रडले. शेवटी नानी आतून आल्या, त्यांनी वाटी-चमचा घेतला आणि त्याला पाणी पाजले. बाळ शांत झाले. गुजराती घरात लहान मुलांच्या बोलीत ‘भू’ म्हणजे पाणी. नातवाला तहान लागली होती आणि भाषेचा प्राध्यापक त्याला कुत्री दाखवीत होता.

ही गोष्ट सांगितली की लोक हसतात, मीही हसतो. पण त्या रात्री मला झोप आली नाही. बाळाच्या पहिल्या चारपाच शब्दांत ‘भू’ होता आणि ‘पाणी’ नव्हते. मनात पहिला विचार आला तो असा की, मराठी या घरातून चालली. दुसरा विचार उशिरा आला, पण तो खरा होता. दिवसभर त्याला पाणी कोण पाजीत होते? नानी. मग शब्द कोणाचा येणार? मी घरात होतो, हे खरे. पण मी खुर्चीत होतो आणि हातात पुस्तक होते.

प्रौढ माणसे बाळाशी जी खास बोली बोलतात, मंमं, जोजो, भुर्र, काऊ, चिऊ, बाऊ, तिला आपण पोरखेळ समजतो. भाषाशास्त्रज्ञांनी तसे समजलेले नाही. पुण्याचे थोर भाषाशास्त्रज्ञ अशोक रा. केळकर यांनी १९६४ साली ‘वर्ड’ या नियतकालिकात मराठीतील या बोलीवर इंग्रजीतून निबंध लिहिला. त्याच वर्षी चार्ल्स फर्ग्युसन यांनी सहा भाषांतील अशा बोलींची तुलना केली. त्यांत अरबी, स्पॅनिश आणि इंग्रजी यांच्या पंक्तीला मराठी होती. ओठ मिटून निघणारे प, ब, म हे वर्ण, एकाच अक्षराची पुनरुक्ती, सोपे स्वर, हे तिचे विशेष. आपल्या आज्यापणज्यांनी हे व्याकरण कोणत्याही विद्यापीठात न जाता पाळले.

याच संदर्भात आणखी दोन प्रयोग सांगतो. १९८४ साली, म्हणजे माझा प्रबंध सादर झाला त्याच वर्षी, कॅनडात जेनेट वेर्कर आणि रिचर्ड टीज यांनी इंग्रजी भाषक घरांतील बाळांना हिंदीतले ‘त’ आणि ‘ट’ ऐकविले. सहा ते आठ महिन्यांच्या बाळांना त्यांतील भेद कळत होता. दहा ते बारा महिन्यांच्या बाळांपैकी बहुतेकांचा तो भेद सुटू लागला होता. कारण त्यांच्या घरात तो कोणी उच्चारीत नव्हते. प्रत्येक बाळ जगातील कोणत्याही भाषेसाठी कान उघडे ठेवून येते आणि वर्षाच्या आतच घरी जे ऐकू येते त्याकडे ते कान वळवू लागते. दार कायमचे बंद होत नाही. पुढेही भाषा शिकता येतात. परंतु इतक्या सहजतेने पुन्हा नाही.

दुसरा प्रयोग २००३ सालचा, अमेरिकेतील पॅट्रिशिया कूल यांचा. नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांना चिनी भाषा ऐकविली. एका गटाशी चिनी भाषक माणसे समोर बसून खेळली, बोलली. सुमारे पंचवीस मिनिटांच्या बारा बैठका झाल्या. दुसऱ्या गटाने तीच माणसे, तेच बोलणे पडद्यावर पाहिले. पहिल्या गटाने चिनी ध्वनींतील भेद आत्मसात केला. पडद्यासमोरच्या गटाने काहीच घेतले नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली, वर्षाच्या आतील बाळाला पडदा नकोच आणि दोन वर्षांच्या मुलाला दिवसाकाठी तासाहून अधिक नको, असे सांगितले आहे. ‘आम्ही बाळाला मोबाईलवर मराठी बडबडगीते लावून देतो’ असे अभिमानाने सांगणारी घरे मला माहीत आहेत. भाषा माणसाच्या मांडीवरून येते. यंत्र गाऊ शकते. पण बाळाने हुंकार दिला की थांबून त्याला उत्तर देत नाही.

त्या ‘भू’च्या प्रसंगानंतर सूनबाईच एकदा म्हणाली, ‘‘पप्पा, तमे एनी साथे मराठीमां बोलो ने.’’ मी तिच्याकडे पाहतच राहिलो. मला वाटत होते की माझी मराठी या घरात कोणाला नकोशी झाली आहे. प्रत्यक्षात ती मागितली जात होती, आणि मीच देत नव्हतो. दुसऱ्या दिवसापासून सकाळचे दोन तास बाळाचे ठरले. मी खुर्ची सोडून सतरंजीवर बसू लागलो. गुडघ्यांनी निषेध नोंदविला. पण बाई उकिडव्या का बसत, ते समजले.

मी त्याला काही शिकविले नाही. जे चालले आहे ते बोलत राहिलो. ‘‘आजी भाजी निवडते आहे. ही मेथी. हे देठ. देठ टोपलीत टाकू.’’ ऊन उतरले की सयाजीबागेत जाऊ, तेथे छोटी आगगाडी दाखवू. ज्याने आयुष्यभर पन्नास पन्नास मिनिटांची व्याख्याने दिली त्याला देठावर दोन मिनिटे बोलणे प्रथम जड गेले.

चालण्याची काळजी वेगळीच होती. शेजारचे मूल अकराव्या महिन्यात चालले. आमचे चौदा महिने झाले तरी भिंत सोडेना. सूनबाईच्या डोळ्यांत पाणी येई. नात्यातल्या एकाने चाकांचे गोल वॉकर भेट म्हणून आणले. डॉक्टरांनी ते परत पाठवायला सांगितले. त्यातून पडण्याचे अपघात होतात आणि चालणेही लवकर येत नाही. कॅनडाने २००४ साली अशा वॉकरची विक्रीच बंद केली. आपला लाकडी पांगुळगाडा निराळा. त्यात मूल बसत नाही. ते स्वतःच्या पायांवर उभे राहून गाडा ढकलते.

येथे बडोदेकरांना अभिमान वाटावा अशी एक गोष्ट सांगितली पाहिजे. बाळाने काय केव्हा करावे, याची भारतीय बालकांसाठीची परिमाणे आपल्या गावी तयार झाली. महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या बालविकास विभागात डॉ. प्रमिला फाटक यांनी बडोद्यातील एक ते तीस महिन्यांच्या बालकांच्या वाढीचा अभ्यास करून १९७०च्या सुमारास ती सिद्ध केली. पुढे तिरुवनंतपुरम येथे सतरा बाबींचा जो सुटसुटीत तक्ता तयार झाला, तोही या बडोद्याच्या परिमाणांच्या आधारेच. २००६ साली जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह पाच देशांतील बालकांवरून दाखविले की निरोगी मूल सव्वाआठ महिन्यांपासून साडेसतरा महिन्यांपर्यंत केव्हाही एकटे चालू लागते, आणि काही मुले तर रांगतच नाहीत. हे आकडे सूनबाईला वाचून दाखविले तेव्हा त्या रात्री ती निश्चिंत झोपली. मोजमापाचा उपयोग भीती घालण्यासाठी नसतो. ‘अजून वेळ आहे’ हे ज्ञान देण्यासाठी आणि खरोखर वेळ टळली तर डॉक्टरांकडे वेळेवर नेण्यासाठी तो असतो.

२०२३च्या दिवाळीनंतर, पंधराव्या महिन्यात, एका सकाळी बाळाने दिवाणाचा काठ सोडला आणि सतरंजीवरून माझ्याकडे पाच पावले टाकली. सहाव्या पावलाला ते बसले. मी पत्नीला हाक मारली, पण माझा आवाज नीट फुटला नाही. ती आली, तिने पाहिले, आणि भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडे बोट दाखवून म्हणाली, ‘‘या वेळी तुम्ही लिहा.’’ मी लिहिले : ‘चालला.’ त्याहून अधिक काही मला सुचले नाही.

आता शेवटचा प्रसंग. बाळ पावणेदोन वर्षांचे झाले तेव्हा दोन शब्द जोडू लागले. एके दिवशी ते माझ्यासमोर उभे राहून म्हणाले, ‘‘आबा, भू आपो.’’ हाक मराठी, पाणी गुजराती, क्रियापद गुजराती. ‘असे नाही’ हे शब्द माझ्या जिभेवर आले होते. बाईंची आठवण झाली आणि मी म्हणालो, ‘‘हो, पाणी देतो. आबा बाळाला पाणी देतात.’’ हे संवाद रोज घडत राहिले. पुढे काही महिन्यांनी नानी नडियादहून आल्या होत्या. बाळ त्यांच्याकडे गेले आणि म्हणाले, ‘‘नानी, भू आपो.’’ पाणी प्याले. थोड्या वेळाने माझ्याकडे आले आणि म्हणाले, ‘‘आबा, पाणी दे.’’

श्रोतेहो, कोणाशी काय बोलावे हे त्याला कोणी शिकविले नव्हते. दोन माणसे, दोन मांड्या, दोन भाषा, हा हिशेब त्याने स्वतः मांडला. दोन भाषांत वाढणारे मूल शब्दांची सरमिसळ करते, पण गोंधळत नाही. आपण मात्र उगाच गोंधळतो आणि भीतीपोटी एक भाषा मागे घेतो. आणि मागे घेतली जाते ती बहुधा मराठी. गुजरातीने माझ्या नातवाची मराठी हिरावली नाही. त्यात उणे पडत होते, ते माझे बोलणे.

गुजराती आणि मराठी यांनी मिळून बाळाचा विचार करावा, ही तर या भूमीची परंपराच आहे. भावनगरला गिजुभाई बधेका यांनी १९२० साली बालमंदिर काढले, ताराबाई मोडक तेथे त्यांच्या सहकारी झाल्या आणि १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ उभा राहिला. एक गुजराती, एक मराठी. मूल दोघांचेही.

२०१८ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन आपल्या बडोद्यात भरले. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. या दोन्ही गोष्टींचा मला आनंद आहे. पण शाळेच्या मराठी वर्गातील पट घटत चालल्याची चिंता आपण दरवर्षी येथे करतो, तेव्हा मला सांगावेसे वाटते की मूल शाळेच्या दाराशी येण्यापूर्वी बरेचसे ठरून गेलेले असते. ते ठरते पहिल्या दोन वर्षांत, पाणी पाजताना, अंग चोळताना, मेथी निवडताना. ज्याला आपण मातृभाषा म्हणतो ती रक्तातून उतरत नाही. ती तासातासाने द्यावी लागते. ज्या मुलाला मी ते तास दिले नाहीत तो आज श्रोत्यांत बसला आहे. त्याच्या मांडीवर त्याचा मुलगा आहे आणि गेली काही मिनिटे तो मोठ्याने ‘‘आबा’’ म्हणून हाका मारतो आहे. आपण तो व्यत्यय सहन केलात, याबद्दल मी आपला ऋणी आहे.

जाता जाता एक सूचना. बाईंच्या स्मृतीसाठी आपण दरवर्षी व्याख्यान ठेवतो. त्याच्या जोडीला शनिवारी सकाळी एक तास शाळेची ओसरी उघडी ठेवावी. दोन-अडीच वर्षांपर्यंतच्या बाळांना घेऊन आजीआजोबांनी, आईबापांनी यावे. सून गुजराती असो, जावई सिंधी असो, सर्वांनी यावे. सतरंजी, चार लाकडी खेळणी, एखादा पांगुळगाडा आणि बोलणारी माणसे, एवढे पुरेल. खर्च नाही. सतरंज्या घालायला मी येईन. उचलायला मात्र कोणीतरी तरुण माजी विद्यार्थी लागेल.

बाईंच्या स्मृतीला वंदन करतो आणि माझे भाषण पुरे करतो. हाका फार झाल्या; आता मला जायला हवे.